वाचकांचे प्रश्न : मुलांना घराबाहेर आणणारी बाग

मुलांनी घराबाहेर यावे आणि मातीत हात घालावेत असे वाटत असूनही प्रत्यक्षात अडते कोठे, असे आम्ही मागील अंकात वाचकांना विचारले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे मोठी होती, त्यामुळे त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा घेतला आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतून आला की मोबाइल, नाहीतर टीव्ही. त्याला बागेची गोडी लागावी म्हणून मी रोपवाटिकेतून गुलाब, जास्वंद आणि तुळस आणून गॅलरीत ठेवली आणि त्याला प्लास्टिकची छोटी अवजारेही घेऊन दिली. दोन दिवस त्याने हौसेने पाणी घातले. तिसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याच अंगावर आले. आता काय करावे?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : यात आपल्या मुलाचा दोष आहे असे मला वाटत नाही. तयार रोप घरी आले तेव्हा त्यातील सर्वांत नवलाची गोष्ट, म्हणजे काहीच नव्हते तेथून काहीतरी वर येणे, आधीच घडून गेलेली होती. गुलाबाचे रोप आज जसे दिसते तसेच ते पुढचे पंधरा दिवस दिसणार. मोठ्या माणसाला हे ठाऊक असते, म्हणून ते धीर धरू शकते. आठ वर्षांच्या मुलाला मात्र आज पाणी घातले आणि उद्या काहीच बदलले नाही, तर आपल्या कामाचा काही उपयोग झाला असे वाटणार कसे? मूल बाहेर जाते ते ‘जा’ म्हटल्याने नव्हे. बाहेर त्याच्या मालकीचे काहीतरी आहे आणि कालच्यापेक्षा आज ते वेगळे दिसणार आहे, याची खात्री झाली की ते आपण होऊन जाते.

म्हणून प्रारंभ बियांपासून करावा, आणि तोही लवकर रुजणाऱ्या बियांपासून. स्वयंपाकघरातल्या मेथीदाण्यांची मूठ रात्री भिजत घालून सकाळी मातीत पसरली आणि वर मातीचा पातळ थर दिला, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे टोक दिसते आणि महिन्याच्या आत भाजी खुडता येते. मुळाही असाच चार दिवसांत वर येतो, आणि पुढे दीड महिन्याने तो मातीतून उपटण्यात जो आनंद आहे, त्याची बरोबरी दुसरी कोणतीही भाजी करू शकत नाही, कारण खाली किती मोठा मुळा आहे हे उपटेपर्यंत कोणालाच माहीत नसते. कोथिंबीर मात्र पहिल्या खेपेला टाळावी. धणे रगडून दोन फाके केले तरी तिला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्यात मुलाचे मन दुसरीकडे वळलेले असते.

चार दाणे वालाचे किंवा घेवड्याचेही लावावेत. पाचव्या-सहाव्या दिवशी माती आधी थोडीशी फुगते, मग तिला बारीक तडा जातो, आणि त्या तड्यातून एक पांढुरकी वाकलेली मान वर येते. डोके अजून खालीच असते. दिवसभरात ती मान सरळ होते, दोन जाड दले मातीतून ओढून बाहेर काढते, आणि कधी कधी बियांची साल टोपीसारखी त्यांच्यावर तशीच अडकून राहते. ही टोपी काढायला मुलाचा हात शिवशिवतो. ती पडेपर्यंत थांबून पाहू या, असे त्याला सुचवून पाहावे. माझी नात सहा वर्षांची असताना त्या टोपीसाठी दिवसातून पाच वेळा पायऱ्या उतरून खाली जात असे.

येथेच दुसरा मुद्दा येतो. गॅलरी हे घरच आहे. जागा अशी निवडावी की तेथे जायला पायांत चप्पल घालावी लागेल. सोसायटीच्या कुंपणालगतची दोन हात पट्टी, एखाद्या झाडाभोवतीचे आळे, किंवा गच्चीवर एखादी जुनी टोपली मिळाली तरी पुरेसे आहे. सचिवांची परवानगी मुलानेच मागावी. आठ वर्षांचे मूल हात जोडून दोन हात जमीन मागायला आले, तर नाही म्हणणे कोणालाही अवघड जाते. अवजारे खरी द्यावीत. प्लास्टिकचे फावडे पहिल्याच कडक ढेकळावर वाकते आणि त्यासोबत मुलाचा विश्वासही वाकतो. लहान मुठीचे लोखंडी खुरपे आणि झाकणाला भोके पाडलेली पाण्याची बाटली एवढ्यावर भागते.

आणि सर्वांत अवघड भाग आपल्यासाठी आहे. ती जागा त्याची म्हटली की ती खरोखर त्याचीच राहू द्यावी. ओळ वाकडी आली, दाणे एकावर एक पडले, एक दिवस पाणी विसरले, तरी तो झोपल्यावर जाऊन आपण ते सुधारू नये. दाट पडलेली मेथी पिवळी पडते हे त्याला दिसले, तर पुढच्या वेळी तो स्वतःच पातळ पेरील. मोबाइल काढून घेऊन हातात खुरपे देणे हेही टाळावे, कारण मग बाग ही शिक्षा होऊन बसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीतली मुले दिवाळीत किल्ला करतात, पण अलीकडे प्लास्टरचा तयार किल्ला आणून मांडण्याकडे कल वाढला आहे. मला नातवंडांकडून मातीचाच किल्ला करून घ्यायचा आहे. मात्र गेल्या वर्षी आमचे हळीव एका ठिकाणी गोळा होऊन उगवले आणि दिवाळी येईपर्यंत आडवे झाले. ते नीट कसे पेरावे?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. मराठी मुलांना बागकामाची इतकी सुंदर परंपरा दिवाळीच्या सुटीत आयती मिळालेली असताना आपण ती बागकाम म्हणून मोजतच नाही. दगड-विटा रचणे, त्यांवर गोणपाट टाकणे, चिखल कालवून तो थापणे, उतार काढणे, तळ्याचे पाणी मुरू नये म्हणून तळ चोपून घट्ट करणे, आणि मग त्यावर पेरणी करणे हे सारे शेतीचेच काम आहे. फरक एवढाच की शेताच्या जागी राजगड असतो.

आता हळिवाविषयी. हळिवाचा दाणा पाण्यात पडला की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. हळिवाचे लाडू करणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. दाणे आधी भिजवले, तर याच आवरणामुळे त्यांचा लगदा होतो आणि तो एका जागी पडतो. आपल्याकडे बहुधा हेच झाले असावे. हळीव कोरडेच घ्यावे, त्यात दुप्पट कोरडी बारीक माती मिसळावी आणि किल्ल्याची माती हाताने शिंपडून ओली केल्यावर ते चिमटीने भुरभुरावे. ओल्या मातीला लागताच दाणा स्वतःच्या चिकटपणाने तेथे धरून राहतो. म्हणूनच तटाखालच्या उभ्या उतारावरही हळीव टिकते, मोहरी मात्र घरंगळत पायथ्याशी येते. मोहरी सपाट माचीवर पेरावी. रात्रभर भिजवलेले गहू पायथ्याच्या शेतांसाठी ठेवावेत, म्हणजे गडावरचे गवत आखूड आणि गावातली शेते उंच असे दृश्य आपोआप तयार होते.

दिवस मोजून पेरणी करणे महत्त्वाचे आहे. हळीव दीड-दोन दिवसांत फुटते आणि पाच-सहा दिवसांत ते दोन बोटे उंच होऊन अगदी देखणे दिसते. त्यानंतर मात्र त्याची देठे लांबून आडवी पडू लागतात. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल, तर त्याआधी सहा दिवस पेरणी करावी. हा हिशेब कॅलेंडर घेऊन नातवंडांनाच मांडू द्यावा. पाणी तांब्याने ओतू नये. ओली फडकी पिळून किंवा बोटांनी शिंपडून दिवसातून तीनदा द्यावे.

एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी. किल्ल्याची एक बाजू पेरावी आणि दुसरी तशीच बोडकी ठेवावी. पाच दिवसांनी दोन्ही बाजूंवर सारखेच एक-एक भांडे पाणी वरून सोडावे. बोडक्या बाजूचा चिखल ओघळून खाली येतो आणि पाणी गढूळ होते. पेरलेल्या बाजूला मुळांनी माती धरून ठेवलेली असते, त्यामुळे ती फारशी हलत नाही. डोंगरावरचे गवत आणि झाडे गेली की पावसाळ्यात दरडी का कोसळतात, हे मुलांना समजावण्यासाठी मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

शक्य असेल तर याची रंगीत तालीम महिनाभर आधीच, घटस्थापनेला करावी. घटाभोवतीच्या मातीत मुलांनाच धान्य पेरू द्यावे. दसऱ्याला देवघरातले हे अंकुर पिवळसर आणि लांबच लांब झालेले दिसतात. घटस्थापनेच्याच दिवशी दुसऱ्या पत्रावळीत पेरून उन्हात ठेवलेले गहू हिरवे आणि बुटके राहतात. अंधारातले रोप प्रकाश शोधत उंच धावते आणि हिरवे होऊ शकत नाही, एवढे सांगितले की पुरे. दिवाळी संपली की किल्ल्याची माती कचऱ्यात टाकू नये. ती फोडून त्याच जागी वाफा करावा आणि त्यात मेथी-पालक पेरावे. थंडीत दोन्ही छान येतात.

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो. मुलांना मोठी सुटी उन्हाळ्यातच असते आणि तेव्हा बाहेर पडणे अशक्य होते. अशा वेळी बागकाम कसे करवून घ्यावे?
– एक पालक, नागपूर

उत्तर : पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मुलांना दुपारी बाहेर काढूच नये. सकाळी आठच्या आधीची आणि सूर्य कलल्यानंतरची वेळ हीच आपली बाग. म्हणून मी आपल्याला फुलांचे घड्याळ सुचवीन. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५१ साली अशी कल्पना मांडली होती की, ठरावीक वेळी उमलणारी आणि मिटणारी फुले ओळीने लावली तर त्यांच्यावरून वेळ सांगता येईल. आपल्याकडे त्यासाठी परदेशी झाडे शोधावी लागत नाहीत, कारण आपल्या कित्येक फुलांच्या नावांतच वेळ आहे. दुपारी नावाचे तांबडे फूल भर दुपारी उमलते, रातराणी रात्री दरवळते, आणि चिनी गुलाबाला तर लोक सरळ ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, कारण ऊन वर आले की नऊ-दहाच्या सुमारास तो उघडतो.

अशा फुलांपैकी उन्हाळ्यात मुलांच्या उपयोगाची तीन. चिनी गुलाबाची बोटभर कांडी मोडून मातीत खोचली की तो जगतो, आणि त्याला ऊन जितके कडक तितके मानवते. गुलबक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बियांपासून लावावी. मिऱ्यांसारख्या दिसणाऱ्या काळ्या बिया गोळा करायला मुलांना आवडतात, मात्र त्या विषारी असल्याने तोंडात घालू नयेत हे बजावून सांगावे. तिसरा मोगरा. संध्याकाळी फुगलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि त्या कधी उमलतात ते पाहायचे. मुलांनी वहीत रोज तारीख, ढग होते की ऊन होते, आणि फूल किती वाजता उघडले एवढेच लिहावे. आभाळ आले त्या दिवशी चिनी गुलाब मिटलेलाच राहतो, हे त्यांच्या लक्षात येईल आणि तो शोध त्यांचा स्वतःचा असेल.

जुना, न झिलई केलेला माठ असेल तर तो रोपांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावा, भरून ठेवावा आणि वर झाकण घालावे. पाणी माठातून पाझरत मुळांना मिळत राहते. रोज संध्याकाळी काठी बुडवून पाणी किती बोटे उतरले ते मोजण्याचे काम मुलांचे. पाखरांसाठी पाण्याचे पसरट भांडे शेजारीच ठेवावे.

प्रश्न : आमच्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर अळ्या पडल्या होत्या. मी औषध फवारायला घेतले तेव्हा माझी मुलगी रडू लागली, कारण तिने त्या अळ्यांना नावे ठेवली होती. फवारणी थांबवली, पण झाडांची पाने संपत चालली आहेत. झाड वाचवू की मुलीचे मन राखू?
– एक वडील, सांगली

उत्तर : फवारणी थांबवलीत हे उत्तम केलेत. कढीपत्ता आणि लिंबू ही एकाच कुळातली झाडे आहेत, आणि काही मोठी, देखणी फुलपाखरे अंडी घालण्यासाठी याच कुळातली झाडे शोधत येतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन, ज्याला मराठीत नीलवंत किंवा राणी पाकोळी म्हणतात, तेही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. शहरातल्या कुंडीत बहुधा त्याची लहान भावंडे येतात.

मुलीबरोबर बसून पुढचे तीन आठवडे काय घडते ते पाहा. कोवळ्या पानावर खसखशीहून थोडे मोठे, फिकट पिवळे, गोल अंडे एकेकटे ठेवलेले असते. तीन-चार दिवसांत त्यातून निघणारी अळी तपकिरी-काळी असून तिच्या पाठीवर पांढरा डाग असतो, आणि ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतात ते त्यामुळेच. कातड्या टाकत ती मोठी झाली की एके दिवशी अचानक हिरवीगार होते. त्या अवस्थेत गवताच्या काडीने तिला हलकेच स्पर्श करावा. डोक्यामागून दोन फाट्यांचे तांबडे-केशरी शिंग बाहेर येते आणि आंबट-उग्र वास सुटतो. शत्रूला पळवण्याची ही तिची युक्ती आहे. एकदा पाहिले की पुरे, वारंवार छळू नये. मग ती खाणे थांबवते, एखाद्या फांदीवर रेशमाच्या धाग्याने स्वतःला कमरेला दोरी बांधल्यासारखे बांधून घेते आणि कोष करते. आठ-दहा दिवसांनी, बहुतेकदा सकाळीच, कोष उकलतो आणि चुरगळलेल्या ओल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येऊन लटकते. तासाभरात पंख ताणले जाऊन वाळतात. त्या वेळी त्याला हात लावायचा मोह आवरावा लागतो.

अळी बाटलीत कोंडू नये. फारच काळजी वाटत असेल तर झाडावर मच्छरदाणीचे कापड सैल बांधावे. आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे मुलगी अचानक दुखावली जाणार नाही. काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीक माश्या बाहेर पडतात, कारण तशाच माश्यांनी आधी अळीच्या किंवा कोषाच्या आतच आपली अंडी घातलेली असतात. असे झाले तर तिच्यापासून लपवू नका. बागेत कोण कोणाला खाते हे पाहिलेले मूल खचत नाही. ते अधिक प्रश्न विचारते.

झाडाची चिंता नको. जमिनीतला मोठा कढीपत्ता पाने गमावूनही नव्याने फुटतो. कुंडीतले रोप लहान असेल तर अळ्यांसाठी दुसरे रोप लावावे. जुन्या कढीपत्त्याच्या मुळांपासून फुटलेले धुमारे शेजाऱ्यांच्या अंगणात हमखास मिळतात. एक रोप फोडणीचे आणि एक अळ्यांचे, अशी वाटणी मी स्वतः अनेक वर्षे करत आलो आहे. ठाण्याला जाणे झाले तर ओवळेकर वाडीचे फुलपाखरू उद्यान तिला जरूर दाखवा.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेत परसबाग करायची आहे. मुले चाळीस, पैसा जवळजवळ नाही आणि शेळ्या फार. सर्व मुलांना काम कसे द्यावे? एकत्र बाग केली की चार-पाच मुलेच राबतात.
– एक शिक्षिका

उत्तर : शेवटच्या वाक्यात आपण अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. सर्वांची बाग ही बहुतेक वेळा कोणाचीच नसते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालकांची बाग असे नाव दिले, तेव्हा तेथे खरोखरच बाग होती, आणि तिच्यात सामाईक वाफ्यांच्या बरोबरीने प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे. पुढे बालवाडी सर्वत्र पोहोचली, वाफा मात्र मागे राहिला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केले, त्यात मुलांना वर्गात आणण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारणाऱ्या मुलांच्या कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्दच ती दिशा सांगतात. आपण ज्या जिल्ह्यात शिकवता तेथे मुलांना शेती शिकवायची नाही, ती त्यांनी पाहिलेली आहेच. मोठ्यांच्या शेतात जे मिळत नाही, म्हणजे स्वतः ठरवण्याचा अधिकार, तो त्यांना द्यायचा आहे.

तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब असा एकच वाफा करावा. तीन फुटांपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी मुलांचे हात मध्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. दर फुटाला सुतळी बांधली की वीस पट्ट्या होतात. दोघांत एक पट्टी, आणि जोडीत एक लहान व एक मोठे मूल. आपल्या पट्टीत काय लावायचे हे त्या दोघांनीच ठरवावे. सुतळीपलीकडच्या पट्टीत कोणी हात घालायचा नाही, हा एकच नियम. दिवाळीनंतर प्रारंभ केलात तर मेथी, मुळा, पालक, हरभरा आणि कडेला झेंडू यांची बियाणे मुलांच्या घरांतूनच येतील. हरभरा अवश्य हवा. सकाळी त्याच्या पानांवर आंब असते, आणि ओल्या पानाला बोट लावून जिभेला लावले की जो आंबटपणा लागतो, त्यासाठी मुले शाळा भरण्याआधी येतात.

शेळ्यांसाठी तुराट्यांचा कूड घालावा. तूर निघाल्यावर तुराट्या गावात फुकट मिळतात, तोपर्यंत जुन्या चालतील. पोषण आहाराच्या वेळी हात-ताटे धुण्याचे पाणी छोट्या पाटाने वाफ्याकडे वळवावे, आणि रविवारसाठी शनिवारी पाणी देऊन वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. वीस दाणे पेरले, सतरा उगवले, तर शेकडा किती, हे गणित फळ्यावरच्या गणितापेक्षा लवकर सुटते. निघालेली भाजी त्याच दिवशी शाळेच्या खिचडीत जावी, आणि कोणाच्या पट्टीतली मेथी आहे हे वाढताना सांगितले जावे.

प्रश्न : मातीत खेळल्याने जंत होतील, धनुर्वात होईल, विंचू चावेल अशी भीती माझ्या सासूबाईंना वाटते. ती अनाठायी आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती अनाठायी नाही आणि त्यांना तसे म्हणूही नका. अंकुशकृमी नावाचे जंत अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून मातीत काम करताना पायांत चप्पल किंवा बूट असावेत, नखे कापलेली असावीत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. शाळा आणि अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना दिली जाणारी जंतांची गोळी चुकवू नये. धनुर्वाताची लस राष्ट्रीय लसीकरणात पाचव्या-सहाव्या वर्षी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. ती झाली आहे ना, एवढे पाहावे. कोकणात विटा, नारळाच्या झावळ्या आणि कुंड्या मुलांनी हाताने उचलू नयेत, मोठ्यांनी आधी काठीने हलवून पाहाव्यात. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. ताटल्या रिकाम्या करण्याचे काम सासूबाई आणि नातवंडे यांनी मिळून एक वार ठरवून करावे. भीती बाळगणारी व्यक्ती देखरेखीला असली की मुले अधिक सुरक्षित असतात.

प्रश्न : मी दर वर्षी मे ते ऑक्टोबर अमेरिकेत न्यू जर्सीला मुलाकडे असते. घरामागे मोठे अंगण आहे, पण दोन्ही नाती घरातच बसतात. त्यांच्यासाठी इकडून कोणती बियाणे नेऊ?
– एक आजी, सध्या मुक्काम ठाणे

उत्तर : बियाणे नेऊ नका. पेरणीसाठीच्या बियांना तेथे परवाना आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते योग्यच आहे, कारण बियांबरोबर रोग-किडीही प्रवास करतात. तेथील भारतीय किराणा दुकानातले मेथीदाणे उत्तम रुजतात. मेच्या मध्यानंतर गोठवणारी थंडी बहुधा पडत नाही, तेव्हा मेथी पेरून नातींना खुडायला लावा, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या हातांनी थेपले किंवा पराठे लाटून घ्या. ससे आणि हरणे येत असतील तर जाळी मात्र हवी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्थानिक रोपवाटिकेतून मिल्कवीडची दोन रोपे घ्या. आपल्या रुईच्याच कुळातले हे झाड, पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि हात धुवावेत, हे रुईप्रमाणेच. मोनार्क फुलपाखरू केवळ याच झाडांवर अंडी घालते. आपल्याकडे रुईवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ज्या अळ्या दिसतात आणि ज्यांची पुढे काळ्या कडांची केशरी फुलपाखरे होतात, ती मोनार्कची जवळची नातलग आहेत. ठाण्यात रस्त्याकडेची रुई पाहून तशी अळी सापडली तर तिचे छायाचित्र घेऊन जा आणि नातींना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

उन्हाळ्याच्या शेवटी जन्मलेली मोनार्कची पिढी थंडी टाळण्यासाठी दूर दक्षिणेला, मेक्सिकोच्या डोंगरांत जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मे येथे, डेलावेअरची खाडी ओलांडण्यापूर्वी ती थव्यांनी उतरतात. आपण तोपर्यंत तेथे असता, तेव्हा नातींना एका शनिवारी तिकडे न्यायला मुलाला सांगा. आणि निघण्यापूर्वी मिल्कवीडच्या शेंगा तडकल्या असतील, तर त्यातला रुईच्या म्हातारीसारखा रेशमी कापूस नातींबरोबर फुंकून उडवा. तंतूंच्या प्रत्येक झुपक्याच्या टोकाला एक तपकिरी बी लटकलेले असते. त्यांतली काही त्यांच्याच अंगणाच्या कोपऱ्यात मातीत दाबून ठेवा. हिवाळाभर ती थंडीत पडून राहतील आणि तुम्ही पुढच्या मेमध्ये पोहोचाल त्या सुमारास उगवलेली असतील.